चिमण्यांसाठी वाढलं, पारव्यांची पंगत बसली – उपाय सांगा

खिडकीतली_शिलाई (मंगळवार पेठ, कोल्हापूर) · ४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. मी घरीच ब्लाउज शिवते. मशीन मागच्या खिडकीला लागून आहे आणि खिडकीतून आमचं परडं दिसतं. परडं म्हणजे तरी काय, एक पेरू, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि पेरूपासून न्हाणीच्या खिळ्यापर्यंत बांधलेली दोरी. दिवसाचे सात-आठ तास मी त्या खिडकीशी असते, त्यामुळं तिथं कोण येतं, कोण जातं हे मला गिऱ्हाइकांच्या मापांपेक्षा जास्त पाठ आहे.

पाडव्याला लेकीनं चिमण्यांसाठी दाण्याचं भांडं आणून पेरूला टांगलं. वर प्लास्टिकची बाटली, खाली गोल ताटली, त्यातलं. पहिले दोन महिने नुसतं सुख. सकाळी सातला मशीनवरचं कापड काढेपर्यंत पाच-सहा चिमण्या हजर. त्यातला एक चिमणा एका पायानं लंगडायचा, त्याला बाकीच्या आधी खाऊ द्यायच्या असं मला वाटायचं. लेक म्हणते, आई, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

जूनमध्ये एक पारवा आला. मग त्याची बायको आली. काल सकाळी मोजले तर एकवीस. एक जण ताटलीवर धप्पकन बसतो, भांडं तिरकं होतं, दाणे खाली सांडतात आणि बाकीची वीस जणं खाली पंगतीला. चिमण्या वरच्या वायरवर रेशनच्या रांगेत बसल्यासारख्या बसून राहतात आणि कंटाळून निघून जातात. लंगडा दिसून तीन आठवडे झाले.

हे एवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण अस्तर नंतर आटू नये म्हणून शिवायच्या आधी ते भिजवून वाळवावं लागतं आणि माझी दोरी त्या पेरूलाच बांधलेली. गेल्या आठवड्यात एका नवरीच्या ब्लाउजचं मोतिया रंगाचं अस्तर तीनदा धुतलं, तरी हिरवट डाग काही जाईना. शेवटी पदरचे पैसे घालून नवीन आणलं.

करून बघितलेले उपाय: टाळ्या वाजवल्या (हात दुखले). जुन्या सीड्या टांगल्या (चार दिवस घाबरले, पाचव्या दिवशी एक जण त्यात तोंड बघत होता). सासूबाई म्हणाल्या, ज्वारीला तिखट चोळ. घरात लवंगी मिरचीचं होतं, ते चोळलं. मी दिवसभर शिंकून बेजार, पारव्यांनी ताटली चाटूनपुसून साफ केली.

मला दाणे बंद करायचे नाहीत आणि पारव्यांना इजाही करायची नाही. काही मार्ग आहे का?

आणखी एक. पारव्यापेक्षा लहान, गुलाबीसर तपकिरी, गळ्याला बारीक ठिपके असलेली एक जोडी येते. गरीब दिसतात बिचारे. त्यांनाही हाकलायचं का?

---

नाद_एकच · ४ नोव्हेंबर

प्लास्टिकचं घुबड आणा. ऑनलाइन मिळतंय. डोळे चमकतात त्याचे.

---

उद्यमनगर_फॅब्रिकेटर · ४ नोव्हेंबर

घुबडाच्या डोक्यावर बसून पारवा घाण करतोय, हे आमच्या शेडमधी स्वतः बघितलंय. ते नको ताई.

तुमचं दुखणं ताटलीचं हाय. पारव्याला बसायला सपाट जागा लागती. ती जागा द्यायची न्हाई आणि तोंड आत पोचू द्यायचं न्हाई, एवढंच काम. जीआय वेल्डमेश जाळी घ्या, म्हंजे जस्त चढवलेली तारेची, दीड इंची चौकोनाची. चिमणी त्यातनं सहज आत जाती. पारवा, साळुंकी, कावळा कुणीबी जात न्हाई. दोन इंचीच्या नादाला लागू नका, अंदाजपंचे होतंय.

माप लिहून घ्या. चार फूट लांब, दोन फूट उंच तुकडा. गोल वळवला की साधारण पंधरा इंच व्यासाचा पिंजरा होतोय. भांडं बरोब्बर मधोमध टांगायचं, म्हणजे जाळीपासनं चारी बाजूंनी पाच इंच अंतर राहतंय. हे अंतर महत्त्वाचं. लोक जाळी भांड्याला चिकटवून लावत्यात, मग पारवा भायेर बसून मान घालून खातोय आणि म्हणत्यात जाळीचा उपयोग न्हाई. खालीबी तीच जाळी, आणि आतल्या बाजूला मधोमध एक लहान ताटली ठेवा, सांडलेला दाणा त्यात पडंल. वर जुनी परात उपडी घाला. पारवा परातीवर बसंल, बसू दे, त्याला खायला काय मिळणार न्हाई.

कापलेल्या तारांची टोकं आतनंबी भायेरनंबी वळवून घ्या. पाखराच्या डोळ्यात जाईल असं एक टोक ठेवू नका. इकडं उद्यमनगरात आलात तर अख्खं बंडल घेऊ नका, कटपीस मागा. वजनावर मिळतंय.

---

खिडकीतली_शिलाई · ४ नोव्हेंबर

चार बाय दोन, पाच इंच अंतर. वहीत लिहून घेतलं, गिऱ्हाइकाच्या मापाच्या पानावरच. दादा, कापडाला शिवणीसाठी जास्तीचं सोडतो, तसं जाळीला जोडासाठी सोडायचं का?

---

उद्यमनगर_फॅब्रिकेटर · ४ नोव्हेंबर

एक चौकोन जास्त घ्या आणि बाइंडिंग वायरनं टाके घाला. तुमाला काय सांगायचं टाक्याचं.

---

कळंबा_दुर्बीण · ५ नोव्हेंबर

ती गुलाबीसर जोडी म्हणजे होले. त्यांना हाकलू नका. होला जमिनीवर टिपतो, जोडीनं येतो, थोडकं खातो. जाळी बसली की तोही आत जाणार नाही, पण खाली पडलेले चार दाणे त्याला पुरतात.

आता तिखटाचं. ताई, तुमच्या लवंगीचा काही दोष नाही. मिरचीत जे झोंबतं ते पक्ष्यांना झोंबतच नाही. आपल्या किंवा खारीच्या तोंडात त्याची आग होते, पक्ष्यांच्या शरीरात ती जाणीव उठत नाही. पोपट हिरवी मिरची बडीशेपेसारखी खातो तो म्हणूनच. प्राणी चावून बी चिरडतात, पक्षी ते अख्खं गिळून लांब नेऊन टाकतात. मिरचीच्या झाडाला पक्षी हवे आहेत, आपण नको आहोत. म्हणजे तुम्ही पारव्यांना नुसती मसाला ज्वारी वाढलीत.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तुम्ही घालता काय? ज्वारी, गहू, मका, तांदूळ हे पारव्याचं पक्वान्न. पारवा तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा, चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची. एका पारव्याच्या पोटात दहा चिमण्यांचा नाश्ता जातो. ज्वारी बंद करून राळा घाला, सालासकटचा, पाळीव पक्ष्यांच्या दुकानात मिळतो तो. पारवा राळाही खातो, पण एवढ्या बारक्या दाण्यानं पोट भरायला त्याला वेळ लागतो.

तुम्ही दिवसभर खिडकीत असता म्हणून एक गंमत सांगतो. चिमणी दाणा चोचीत फिरवून सोलते, साल बाजूला टाकते. पारवा अख्खा गिळतो. संध्याकाळी ताटलीत फोलपटं दिसली तर चिमण्या जेवल्या. ताटली लख्ख असेल तर कोण जेवलं ते सांगायला नको. अजून एक, फोलपटं वरती साचली की भांडं भरलेलं दिसतं आणि आत दाणा नसतो. फुंकर मारून बघत जा.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय तर आत्ता, या महिन्यातच मिळतो. भाताच्या लोंब्या. सुगी सुरू आहे, राधानगरी, गगनबावडा, आजरा, कुठलाही पाहुणा देईल. (आजऱ्याचा घनसाळ असेल तर तो मात्र घरात शिजवा.) मूठभर लोंब्यांची जुडी बांधून बारीक सुतळीनं फांदीच्या टोकाला टांगा, काहीही आधार न देता. चिमणी उलटी लटकून खाते. मुनिया तर त्यासाठीच जन्मलीय. पारव्याला लटकता येत नाही, तो दोनदा पंख फडफडवेल आणि नाद सोडेल.

---

परळची_कोल्हापूरकर · ५ नोव्हेंबर

मी मूळची शाहूपुरीची, पंचवीस वर्षं मुंबईत. पारव्यांचा विषय निघाला की माझ्या अंगावर काटा येतो. दादरचा कबुतरखाना माझ्या रोजच्या वाटेवरचा. २०२५ च्या जुलैत सरकारनं महापालिकेला मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सांगितले, ऑगस्टमध्ये दादरवर ताडपत्री पडली, मग जे रणकंदन झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल.

माझ्या चुलतसासूबाईंना धाप लागायची. दोन वर्षं दम्याची औषधं चालली, उतार काही पडेना. शेवटी कळलं की हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, आणि कारण बाल्कनीतली कबुतरं. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात जात होती. प्रत्येकाला होतं असं नाही, पण ज्याला होतं त्याचं फुप्फुस कडक होत जातं.

खिडकीताई, एवढंच सांगते, दगडावरची घाण कोरडी झाडू नका. आधी पाणी मारा, भिजू द्या, नाकाला फडकं लावा, मग काढा. तुम्ही दिवसातले आठ तास त्या खिडकीशी बसता.

---

भूतदया · ५ नोव्हेंबर

मुक्या जिवांत हा आपला आणि तो परका असं करणं बरं नव्हे. दाणा टाकणं हे पुण्याचं काम. चिमणीला जेवण आणि पारव्याला जाळी, हा कुठला न्याय?

---

खिडकीतली_शिलाई · ५ नोव्हेंबर

पुण्य तुमचं आणि अस्तर माझं, असं झालंय दादा ते.

---

जुना_कबुतरवाला · ६ नोव्हेंबर

लहानपणी आमच्या घरावर कबुतरांची पेटी होती. वडिलांना उडवायचा नाद, मला दाणे घालायचं काम. त्यामुळं कबुतराच्या डोक्यात काय चालतं ते थोडं कळतं.

वर सगळ्यांनी भांड्याबद्दल सांगितलं, ते बरोबरच आहे. पण एकवीस पारवे एका बाटलीसाठी येत नाहीत. वहिनी, खरं सांगा, आजूबाजूला कुणी सढळ हातानं दाणे टाकतं का? आणि ते तुमच्याकडं नेमके किती वाजता असतात?

---

खिडकीतली_शिलाई · ६ नोव्हेंबर

आता सांगावंच लागणार. मागच्या इमारतीत एक आबा आहेत, पंच्याहत्तरीचे. पूजा झाली की गच्चीवर डालड्याचा जुना डबा भरून जोंधळा टाकतात. रोज. चांगला दोन किलोचा डबा असेल. माझ्या लग्नाआधीपासून टाकतात म्हणे. आणि आमच्या सासूबाई जेवणाआधी कावळ्याचा घास म्हणून भिंतीवर भात ठेवतात. कावळा कधी येतो, कधी नाही. साळुंक्या मात्र वेळेवर असतात.

वेळ म्हणाल तर साडेसात ते सव्वाआठ सगळ्यात जास्त. नंतर एकदम उठून जातात. साडेबाराला परत.

---

जुना_कबुतरवाला · ६ नोव्हेंबर

आबांची पूजा सव्वाआठला संपत असणार.

तुमचा पेरू म्हणजे त्यांचं सीबीएस स्टँड आहे. गाडी लागायची वाट बघत बसलेत सगळे. स्टँडवर बसल्या बसल्या चहा मिळाला तर कोण सोडेल? तेवढं तुमचं भांडं. साडेबाराला येतात ते सासूबाईंच्या भातासाठी.

कबुतराला वेळ आणि जागा पक्की लक्षात राहते. आम्ही दाण्याला दहा मिनिटं उशीर केला तर कौलावर येऊन घुमायची. हीच गोष्ट तुमच्या कामाची. दहा-बारा दिवस भांडं पूर्ण उतरवा, एक दाणासुद्धा नको. खालची जागा रोज पाणी मारून धुऊन घ्या. मग जाळीसकट लावा आणि पहाटे चिमण्यांची चिवचिव सुरू झाली की मूठभरच घाला, साडेसातला ते संपलेलं असलं पाहिजे. रात्री दाणे ठेवू नका, घुशी येतील.

आबांना जाऊन ‘बंद करा’ म्हणू नका. आयुष्यभराचा नेम आहे त्यांचा. पण एवढ्या खाण्यावर पारव्यांची वीण वाढते हे मात्र खरं. एका वेळी दोन अंडी, अठराएक दिवसांत पिल्लं, महिन्याभरात ती उडतात, आणि खायला असेल तर बारा महिने हेच चालू. तुमच्या न्हाणीच्या पत्र्याखाली घरटं आहे का बघा. अंडी-पिल्लं असतील तर उडून जाईपर्यंत थांबा, मग ती फट बुजवा.

---

नाद_एकच · ६ नोव्हेंबर

घुबड मागवलं होतं, आलं आज. आता आईनं ते टीव्हीवर ठेवलंय.

---

खिडकीतली_शिलाई · ३० नोव्हेंबर

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. लग्नसराई, श्वास घ्यायला फुरसत नाही.

बारा दिवस भांडं खाली उतरवून ठेवलं. पहिले चार दिवस पारवे येऊन रिकाम्या फांदीकडं आणि मग माझ्याकडं बघायचे, खोटं नाही सांगत. सातव्या दिवशी नऊ होते. न्हाणीच्या पत्र्याखाली घरटं निघालं, त्यात दोन मोठी पिल्लं. ती उडेपर्यंत थांबले आणि मग यजमानांनी वीट लावून फट बुजवली.

जाळी उद्यमनगरातून आणली. जोड मी स्वतः घातला, आणि बाइंडिंग वायरचे टाके काज्यापेक्षा अवघड असतात एवढं लिहून ठेवते. बोटाला दोनदा लागलं. टोकं आतून वळवून वर जुन्या अस्तराच्या पट्ट्या गुंडाळल्या, तेच डाग पडलेलं मोतिया अस्तर. वाया गेलं नाही.

जाळी लावल्यावर पाच दिवस चिमण्या आत शिरेनात. बाहेरून लटकून बघायच्या आणि जायच्या. मला वाटलं, गेले पैसे. सहाव्या दिवशी एक मादी चौकोनात बसली. आत नाही, बाहेर नाही, नुसती चौकोनात. माझं पाऊल मशीनच्या पायट्यावर तसंच थांबलं. तिनं दोनदा मान वळवली, पंख अंगाला घट्ट चिकटवले आणि आत टुणकन उडी मारली. एक राळा उचलला, चोचीत डावीकडून उजवीकडं फिरवला, साल खाली पडलेली मला खिडकीतून दिसली. मग तीन आल्या. संध्याकाळी ताटली बघितली तर नुसती फोलपटं. कळंबावाले दादा, मी ती हातात घेऊन सासूबाईंना दाखवली, त्यांना वाटलं माझ्यावर कामाचा ताण पडलाय.

पारवा येऊन परातीवर बसतो. खाली वाकून बघतो. जातो.

लोंब्यांची जुडी नणंदेनं राधानगरीहून पाठवली. ती टांगली आणि तिसऱ्या दिवशी तपकिरी, पोटावर खवल्यासारखी नक्षी असलेले चिमुकले सहा पक्षी आले. त्याच मुनिया ना? इतक्या वर्षांत आमच्या परड्यात कधी बघितल्या नव्हत्या. एका जुडीला सहाही लटकतात आणि जुडी गोल फिरत राहते.

सासूबाईंचा घास चालूच आहे, तो मी बंद करणार नाही. पण आता त्या कावळ्याला हाक मारतात, तो आला तर ठेवतात, नाही आला तर गाईला घालतात. साळुंक्या रोज येऊन भिंतीवर भांडतात, बहुतेक आम्हालाच शिव्या देत असतील.

आबांकडं मी अस्तर घेऊन गेले नाही. लोंब्यांची दुसरी जुडी घेऊन गेले. म्हटलं, आबा, तुमच्या गच्चीवर टांगून बघा, वेगळे पक्षी येतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीवरून मला हाक मारली, मुनिया दाखवायला. परवा स्वतःच म्हणाले, पारवे फार गर्दी करतात गं, हे बारके घाबरतात. मी काही बोलले नाही. डबा बंद झालेला नाही, पण अर्धाच भरतात असं त्यांची सून सांगत होती. आज सकाळी माझ्याकडं पावणेआठला पारवे: चार.

दोरी मात्र मी पेरूवरून सोडून न्हाणीच्या दुसऱ्या बाजूला, पत्र्याखाली बांधलीय. एवढा विश्वास नाही.

लंगडा चिमणा अजून आलेला नाही.

आणि दीड इंची जाळीचा साधारण अडीच फुटाचा तुकडा उरलाय, बाइंडिंग वायरही थोडी आहे. मंगळवार पेठेत किंवा जवळपास कुणाला हवा असेल तर इथं सांगा, फुकट आहे. सकाळी साडेसातच्या आत येऊ नका, चिमण्या उडतात.